घरी नेब्युलायझर लावताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), जुना दमा किंवा ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनलिका रुंदावून त्यात कफ साचण्याचा आजार) असलेल्या रुग्णाला नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे तुषार करून ते श्वासातून देणारं मशीन, लिहून दिला जातो, तेव्हा तो कसा लावायचा हे बहुतेक वेळा उभ्या उभ्या दोन मिनिटांत दाखवलं जातं. बटण दाबलं, धूर निघाला, झालं. पण धूर निघणं वेगळं आणि औषध फुप्फुसात खोलवर पोचणं वेगळं. मास्क सैल असेल, रुग्ण आडवा पडला असेल किंवा नाकाने श्वास घेत असेल, तर औषधाचा मोठा भाग हवेत, चेहऱ्यावर आणि घशात जातो. मग 'औषध लागू पडत नाही' असं वाटतं, घरचे मात्रा वाढवतात आणि हातापायाला कंप सुटतो.

दुसरी हयगय होते मशीन बंद केल्यावर. औषध भरायच्या कपात ओल राहिली तर जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी औषधाबरोबर थेट छातीत जातात. फुप्फुसं आधीच कमजोर असलेल्या माणसाला हे परवडत नाही. म्हणून या लेखात मशीन सुरू होण्याआधीचं आणि बंद झाल्यानंतरचं काम जास्त सविस्तर दिलं आहे.

डॉक्टरांनी तुम्हाला यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. इथली माहिती त्यांचा सल्ला नीट अमलात यावा यासाठी आहे.

## टप्पा १: चिठ्ठी नीट समजून घ्या

चार गोष्टी स्पष्ट झाल्याशिवाय मशीनला हात लावू नका: औषधाचं नाव, एका वेळची मात्रा, दिवसातून किती वेळा, आणि ते रोज नियमित घ्यायचं की फक्त दम लागल्यावर. यातली चौथी गोष्ट विचारायची सगळ्यात जास्त राहून जाते आणि तिच्यामुळेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

साल्बुटामॉल आणि लेव्होसाल्बुटामॉल ही श्वासनलिका लगेच मोकळी करणारी औषधं. असर काही मिनिटांत जाणवतो आणि साधारण ४ ते ६ तास टिकतो. इप्राट्रोपियमही श्वासनलिका मोकळी करतं, पण त्याला थोडा जास्त वेळ लागतो, १५ ते ३० मिनिटं. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड. ते श्वासनलिकांची सूज हळूहळू कमी करतं, त्याचा फायदा दिसायला काही दिवस ते काही आठवडे जातात. ऐन धाप लागलेली असताना फक्त ब्युडेसोनाइड लावून बसणं म्हणजे मोलाचा वेळ वाया घालवणं. फॉर्मोटेरॉल, आर्फॉर्मोटेरॉल यांसारखी दीर्घकाळ टिकणारी औषधं सहसा दर १२ तासांनी घ्यायची असतात. दम वाढला म्हणून मध्येच जास्तीचा डोस घेण्यासाठी ती नसतात.

डॉक्टरांना या गोष्टी आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट पाहू नका:

- हृदयाचे ठोके अनियमित असणं, छातीत दुखण्याचा त्रास, पोटॅशियम कमी असणं किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या सुरू असणं. साल्बुटामॉलने ठोके वाढतात आणि पोटॅशियम आणखी खाली येऊ शकतं.
- काचबिंदू, किंवा प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडण्याचा त्रास. इप्राट्रोपियमने दोन्ही बळावू शकतात.
- रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब डोळ्यांत घालत असाल तर तेही. डोळ्यांच्या थेंबांचा आणि श्वासाचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, पण टिमोलॉलमुळे श्वासनलिका आकसू शकतात.
- सध्या वापरात असलेले सगळे इनहेलर. नेब्युलायझरमध्ये इप्राट्रोपियम आणि इनहेलरमध्ये टायोट्रोपियम असेल, तर एकाच गटाचं औषध दोन वाटांनी जातंय. इनहेलर प्रत्यक्ष सोबत न्या, नाव आठवून सांगू नका.

निघण्यापूर्वी लिहून घ्या: दम लागल्यावर घ्यायचं औषध २४ तासांत जास्तीत जास्त किती वेळा चालेल, आणि तेवढं घेऊनही उतार पडला नाही तर कुठे जायचं. मध्यरात्री धाप लागल्यावर हा कागद लागतो.

## टप्पा २: मिलि आणि मिलिग्रॅम यांत गल्लत करू नका

मिलिग्रॅम म्हणजे औषधाचं वजन, मिलि म्हणजे द्रावणाचं माप. नेब्युलायझरच्या औषधांत दोन्ही आकडे छापलेले असतात आणि कधीकधी दोन्ही 'अडीच' असतात. घोटाळा इथेच होतो.

साल्बुटामॉलच्या एका डोसच्या प्लास्टिकच्या कुपीत, म्हणजे रेस्प्यूलमध्ये, बहुधा २.५ मिलि द्रावणात २.५ मिलिग्रॅम औषध असतं. पूर्ण कुपी ओतली की मात्रा बरोबर. याच औषधाची काचेची बाटलीही मिळते, तिच्यातलं द्रावण दाट असतं: दर मिलिमध्ये ५ मिलिग्रॅम. डॉक्टरांनी २.५ मिलिग्रॅम लिहिलं असेल तर बाटलीतून फक्त अर्धा मिलि घ्यायचा आणि उरलेला भाग नॉर्मल सलाइनने, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याने, भरायचा. कुणी कुपीच्या सवयीने बाटलीतून अडीच मिलि ओतलं, तर पोटात नव्हे, थेट छातीत साडेबारा मिलिग्रॅम जातं. पाचपट.

माझं स्पष्ट मत आहे: घरी वापरायला शक्यतो एका डोसच्या कुप्याच लिहून मागा. बाटलीच वापरावी लागणार असेल, तर सोबत मोजायची सिरिंज घ्या, सुई न लावलेली, आणि त्या सिरिंजवर हव्या त्या खुणेशी गडद रेघ मारून द्यायला केमिस्टला सांगा. 'इतके थेंब' असं माप घरच्या घरी ठरवू नका, कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो.

कुप्यांमध्येही ताकद बदलते. ब्युडेसोनाइड ०.२५, ०.५ आणि १ मिलिग्रॅममध्ये येतं, इप्राट्रोपियम २५० आणि ५०० मायक्रोग्रॅममध्ये. लेव्होसाल्बुटामॉलचा १.२५ मिलिग्रॅमचा डोस साधारणपणे साल्बुटामॉलच्या २.५ मिलिग्रॅमच्या तोडीचा मानला जातो, त्यामुळे 'आकडा लहान आहे, दोन कुप्या टाकू' हा हिशेब चुकतो. दुकानातून वेगळ्या कंपनीचं पाकीट आलं की नाव आणि ताकद जुन्या पाकिटाशी ताडून पाहा.

सावधान: इंजेक्शनसाठीची औषधं मनाने कपात ओतू नका. निलगिरीचं तेल, कापूर, बाम किंवा कसलाही काढा तर अजिबात नको. नेब्युलायझरमधून निघते ती गरम वाफ नसते, द्रावणाचे अतिसूक्ष्म तुषार असतात आणि ते फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातात. तेल तिथे पोचलं तर फुप्फुसाला सूज येऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

## टप्पा ३: मशीन, जागा, आणि मास्क की माउथपीस

घरात बहुधा कॉम्प्रेसरवर चालणारं जेट मशीन असतं, हवेच्या दाबाने द्रावणाचे तुषार करणारं. मेश मशीन लहान आणि शांत असतं, त्यातली बारीक छिद्रांची जाळी कंप पावते. तिसरा प्रकार अल्ट्रासॉनिक. तो असेल तर एक पक्कं लक्षात ठेवा: ब्युडेसोनाइड त्यातून देऊ नये. ते पाण्यात पूर्ण विरघळत नाही, बारीक कण तरंगत असतात, आणि अल्ट्रासॉनिक मशीनमधून ते नीट बाहेर पडत नाहीत.

कॉम्प्रेसर सपाट, कडक पृष्ठभागावर ठेवा. गादीवर किंवा पांघरुणावर ठेवला तर खालच्या हवेच्या झरोक्यांना अडथळा येतो, मशीन तापतं आणि दोरेही आत ओढले जातात. काही मशीन सलग २० मिनिटांपेक्षा जास्त चालवायची नसतात, मग त्यांना विश्रांती द्यावी लागते. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत ते पाहून ठेवा.

मोठ्या माणसाला, शुद्ध चांगली असेल आणि ओठ आवळून धरता येत असतील तर, माउथपीसच, म्हणजे तोंडात धरायची नळीच, द्या. नाक हे हवेतले कण अडवण्यासाठीच असतं आणि मास्क लावल्यावर माणूस नकळत नाकाने श्वास घेतो, त्यामुळे औषध नाकातच अडकतं. माउथपीसचा आणखी एक फायदा: तुषार डोळ्यांत जात नाहीत. इप्राट्रोपियम घेणाऱ्या काचबिंदूच्या रुग्णासाठी ही फार गंभीर बाब आहे, कारण औषध डोळ्यात गेल्यास आतला दाब एकदम वाढू शकतो.

मास्कच लागणार असेल, म्हणजे रुग्ण फार थकलेला असेल, लहान असेल किंवा ओठ मिटून धरू शकत नसेल, तर तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे आणि रुग्णाने तोंडाने श्वास घेतला पाहिजे. नाकाच्या उंचवट्याशी फट राहते का ते बोटाने चाचपून पाहा. गुदमरल्यासारखं वाटतं म्हणून मास्क चेहऱ्यापासून दोन बोटं दूर धरायची सवय अनेक घरांत असते. तसं केलं की औषधाचा बहुतेक भाग खोलीतच जातो.

### ऑक्सिजन चालू असेल तर

सीओपीडीच्या रुग्णाचा नेब्युलायझर हवेवर, म्हणजे कॉम्प्रेसरवर चालवायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय तो ऑक्सिजनला जोडू नका. यातल्या काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन मिळाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं दुखतं, ग्लानी येते आणि पुढे शुद्ध हरपू शकते. शिवाय जेट नेब्युलायझरला बहुधा मिनिटाला ६ ते ८ लिटरचा झोत लागतो आणि घरातले बरेचसे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी मशीन) ५ लिटरच देतात. म्हणजे तुषारही धड होत नाहीत. घरी ऑक्सिजन सुरू असेल तर नाकातली नळी ठरलेल्या वेगावर तशीच राहू द्या आणि औषध माउथपीसने कॉम्प्रेसरवर घ्या.

## टप्पा ४: औषध भरणं

क्रम असा ठेवा:

१. साबणाने हात धुवा, कोरडे करा. कप उघडण्याआधी हे करायचं, नंतर नव्हे.

२. कुपीवरचं नाव, ताकद आणि मुदत वाचा, उजेडात धरून. रोजची कुपी असली तरी वाचा. साल्बुटामॉल आणि इप्राट्रोपियमची द्रावणं पाण्यासारखी नितळ असतात. ती गढूळ किंवा रंग बदललेली दिसली तर टाकून द्या. ब्युडेसोनाइड मात्र दुधट असतं आणि ठेवून ठेवून त्याचा पांढरा थर तळाशी बसतो. कुपी उघडण्याआधी ती हळुवार गोल गोल हलवा, थर पूर्ण मिसळेपर्यंत. न हलवता ओतलं तर औषध कुपीच्या तळाशी राहतं आणि कपात नुसतं पाणी जातं.

३. कप सरळ उभा धरून कुपीचं टोक पिळून मोडा आणि सगळं द्रावण कपात पिळून काढा. टोकाला बोट लावू नका.

४. एकूण द्रावण किती झालं ते पाहा. जेट मशीनच्या कपात शेवटी अर्धा ते एक मिलि द्रावण उरतंच, ते तुषार होऊन बाहेर येत नाही. नुसतं २ मिलि भरलं आणि त्यातलं १ मिलि उरलं, तर निम्मं औषध गेलं. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा सलाइन मिसळून द्रावण ३ ते ४ मिलि करायला सांगतात. सलाइन जितकं जास्त, तितका वेळ जास्त. कपावरच्या कमाल रेघेच्या वर कधीच भरू नका. मेश मशीनमध्ये खूपच कमी उरतं, तिथे न विचारता सलाइन घालायचं कारण नाही.

५. झाकण फिरवून घट्ट बसवा, नळी जोडा.

सावधान: पातळ करण्यासाठी फक्त ०.९ टक्के निर्जंतुक सलाइन वापरा. नळाचं, उकळलेलं, डिस्टिल्ड, कुठलंही साधं पाणी चालत नाही. क्षार नसलेलं पाणी तुषार होऊन श्वासनलिकेत गेलं की ती आकसते. शिरेतून द्यायच्या सलाइनची मोठी बाटली भोक पाडून आठवडाभर वापरणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे. एकदा उघडलेली बाटली निर्जंतुक राहत नाही. लहान, एका वापराच्या कुप्या घ्या.

काही कुप्या फॉइलच्या पाकिटात येतात, कारण औषध उजेडाने खराब होतं. पाकीट फोडल्याची तारीख पेनाने त्यावरच लिहा आणि किती दिवसांत संपवायचं ते छापलेलं वाचा. अर्धी वापरलेली कुपी संध्याकाळसाठी ठेवू नका.

### दोन औषधं एकत्र?

साल्बुटामॉल आणि इप्राट्रोपियम एकत्र दिली जातात, तयार मिश्रणाच्या कुप्याही मिळतात. डॉक्टर कधी ब्युडेसोनाइडही त्यांच्याबरोबर मिसळायला सांगतात. पण अँटिबायोटिक आणि कफ पातळ करणारं डॉर्नेज अल्फा हे दुसऱ्या कशातही मिसळायचं नाही. कोलिस्टिमेथेट हे अँटिबायोटिक पावडरच्या स्वरूपात असेल, तर ते घेण्याच्या वेळीच विरघळवायचं आणि लगेच वापरायचं. आधीच विरघळवून ठेवलेल्या द्रावणात फुप्फुसाला घातक घटक तयार होतो. असं द्रावण नेब्युलायझरने घेतल्यावर सिस्टिक फायब्रोसिसचा (फुप्फुसात चिकट कफ साचण्याचा जन्मजात आजार) एक रुग्ण दगावल्याचं कळल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली याबद्दल सूचना काढली होती. 'सकाळीच तिन्ही वेळचं बनवून ठेवते' हे या औषधाच्या बाबतीत कदापि नको.

## टप्पा ५: बसणं आणि श्वास

ताठ बसा, पाठीला आधार घ्या, खांदे सैल सोडा. पलंगावरच्या रुग्णाला उशा लावून जमेल तितकं उठतं करा. आडवं पडून घेतलं तर छाती पूर्ण फुलत नाही आणि कप कलंडून तुषार अडतात.

माउथपीस दातांमध्ये, जिभेच्या वर धरा, ओठ मिटा, मग मशीन सुरू करा. साधा, सावकाश श्वास तोंडाने. दर चारपाच श्वासांनंतर एक खोल श्वास घ्या, दोनतीन सेकंद रोखा, हळू सोडा. सगळेच श्वास खोल आणि जलद घेतले तर चक्कर येते, मुंग्या येतात, आणि रुग्ण मशीनलाच घाबरतो.

जाड थेंब तोंडात आणि घशातच चिकटतात. फुप्फुसात खोल जातात ते सुमारे १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यांना स्थिरावायला संथ श्वास लागतो. त्यामुळे घेताना बोलणं, फोनवर हं हं करणं थांबवा. खोकल्याची उबळ आली तर मशीन बंद करा, बेडका थुंकून टाका, दम स्थिर होऊ द्या, मग पुन्हा सुरू करा. उबळ आली असताना मशीन चालू ठेवलं तर तेवढं औषध उडून गेलंच म्हणून समजा.

साधारण ५ ते १५ मिनिटांत कपातून फुरफुर आवाज यायला लागतो आणि धूर तुटक होतो. कपाच्या कडेवर बोटाने टिचक्या मारा, कडेला चिकटलेले थेंब खाली उतरतील. फुरफुर सुरू झाल्यावर मिनिटभराने थांबा. तळाशी दिसणारा शेवटचा थेंब संपेपर्यंत मशीन चालवण्यात काही अर्थ नाही, आणि तो थेंब पुढच्या वेळेसाठी ठेवायचाही नाही.

तपासा, धूर कमी येत असेल तर या क्रमाने: कप सरळ आहे का, नळी दोन्ही टोकांना घट्ट आहे का, कपाच्या आतला छोटा सुटा भाग जागेवर आहे का. धुताना हा भाग हमखास बेसिनमध्ये राहतो. मग कपात बुडबुडे येतात, धूर मात्र येत नाही. शेवटी कॉम्प्रेसरचा फिल्टर पाहा, करडा पडला असेल तर बदला. छिद्र बुजलंय असं वाटलं तरी त्यात टाचणी घालू नका. छिद्र रुंदावलं की थेंब जाड होतात आणि कप कायमचा कामातून जातो.

लगेच थांबा: औषध सुरू केल्यावर दम कमी होण्याऐवजी एकदम वाढला, छाती आवळली, छातीत दुखलं किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले, तर मशीन बंद करून डॉक्टरांशी बोला. साल्बुटामॉलनंतर बोटांना हलका कंप आणि थोडी धडधड होते, ती काही वेळात ओसरते. ती दर वेळी त्रासदायक होत असेल, तर मात्रा तपासून घ्या.

## टप्पा ६: एकापेक्षा जास्त औषधं असतील तर कोणतं आधी

सर्वसाधारण क्रम असा: आधी श्वासनलिका मोकळी करणारं औषध. मग सांगितलं असेल तर ३ किंवा ७ टक्क्यांचं सलाइन, कफ सैल करण्यासाठी. मग शिकवलेल्या पद्धतीने कफ बाहेर काढणं. सगळ्यात शेवटी अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड. कारण सरळ आहे. वाट आकसलेली आणि कफाने भरलेली असताना शेवटची औषधं आधी दिली, तर ती कफावर बसतात आणि खोकल्याबरोबर बाहेर पडतात. यांपैकी कुठलंही औषध एकत्र मिसळलेलं चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर ते पाळा.

दाट सलाइन आणि अँटिबायोटिक यांचा पहिला डोस घरी घेऊ नका. काहींची श्वासनलिका यांनी आकसते, म्हणून पहिला डोस दवाखान्यात, आधी आणि नंतर श्वासाची तपासणी करून दिला जातो. अँटिबायोटिकसाठी कप वेगळा ठेवा आणि ते घेताना खिडकी उघडी असू द्या. खोलीत लहान मूल किंवा गरोदर बाई नसावी.

## टप्पा ७: मशीन बंद झाल्यावर आधी रुग्ण

ब्युडेसोनाइड घेतलं असेल तर लगेच पाण्याने खळखळून चूळ भरा, गुळण्या करा आणि पाणी थुंकून टाका. मास्क लावला असेल तर चेहराही धुवा. हे टाळलं तर तोंडात बुरशी धरते: जिभेवर आणि गालांच्या आतून पांढरे चट्टे, जळजळ, गिळताना दुखणं. आवाज बसतो तो वेगळाच. चट्टे दिसले म्हणून औषध परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. बुरशीवर औषध आहे.

## टप्पा ८: धुणं, निर्जंतुक करणं, वाळवणं

तीन वेगळी कामं आहेत आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

प्रत्येक वेळी: नळी काढा, उरलेलं द्रावण टाका, कप पूर्ण सुटा करा. कप, आतला सुटा भाग, माउथपीस किंवा मास्क कोमट पाण्याखाली धुवा. साबणाच्या पाण्यासाठी स्वच्छ वेगळं भांडं ठेवा, भाग थेट बेसिनमध्ये टाकू नका. दर वापरानंतर साबण जमत नसेल तर निदान दिवसातून एकदा लावाच.

ठरलेल्या दिवशी, किंवा डॉक्टरांनी सांगितल्यास रोज: निर्जंतुक करा. पुस्तिकेत उकळणं चालतं असं लिहिलं असेल, तर भाग पाण्यात पूर्ण बुडतील असे ठेवून ५ मिनिटं खळखळ उकळा. मास्क बऱ्याचदा उकळायचा नसतो. बाळाच्या बाटल्यांसाठीचं वाफेचं भांडंही चालतं, पुस्तिकेची परवानगी असेल तर. आधी साबणाने धुतल्याशिवाय उकळू नका, औषधाचा थर भाजून चिकटतो. व्हिनेगरवर अनेकांची भिस्त असते, पण ब्रॉन्किएक्टॅसिस किंवा सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाला ज्या जंतूंची धास्ती असते, त्या सगळ्यांसाठी ते भरवशाचं नाही.

शेवटी वाळवणं, आणि हेच सगळ्यात दुर्लक्षित: भाग झटकून स्वच्छ कोरड्या कापडावर किंवा कागदी रुमालावर पसरून ठेवा, हवेवर पूर्ण वाळू द्या. रोजच्या टॉवेलने आतून पुसू नका, टॉवेलवरचे जंतू आणि धागे आत जातात. ओला कप डब्यात बंद केला तर धुण्याचा काही उपयोग झाला नाही. दिवसातून तीनचार वेळा औषध असेल तर कप वाळायला वेळच मिळत नाही, म्हणून दोन कप ठेवा आणि आलटून पालटून वापरा.

हवेची नळी पाण्याने धुवायची नसते. तिच्यात बाष्पाचे थेंब दिसले तर कप काढून नुसती नळी लावून मशीन मिनिट-दोन मिनिटं चालवा, थेंब उडून जातील. आतून काळपट डाग दिसले तर नळी बदला. मेश मशीनच्या जाळीला बोट, ब्रश, कापूस काहीच लावू नका, कंपनीने सांगितल्याप्रमाणेच स्वच्छ करा. कप, मास्क आणि फिल्टर किती दिवसांनी बदलायचे तेही पुस्तिकेत असतं. कप पांढुरका पडला, तडा गेला किंवा औषध संपायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, तर मुदतीची वाट पाहू नका.

घरात दोघांना नेब्युलायझर असेल तर कॉम्प्रेसर एक चालेल. कप, मास्क आणि माउथपीस प्रत्येकाचे वेगळे.

## टप्पा ९: नोंद ठेवा आणि धोका ओळखा

एका वहीत तारीख, वेळ, औषध, आणि आधी-नंतर दम कसा होता एवढं लिहा. ऑक्सिमीटर असेल तर आकडाही. आज चौथ्यांदा लावतोय की सहाव्यांदा, हे धावपळीत कुणालाच आठवत नाही, आणि दिवसाकाठी वाढत गेलेली हीच संख्या आजार बळावल्याची पहिली खूण असते.

पुढीलपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा: तातडीच्या औषधाचा असर ४ तासही टिकत नाही, नेहमीपेक्षा जास्त वेळा लावावं लागतं, बेडका वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला, ताप आला, पाय सुजले.

आणि यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णवाहिका बोलवा: एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर झाली, रुग्ण गोंधळला किंवा पेंगायला लागला, ऑक्सिमीटरचा आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली गेला, किंवा औषध घेऊनही दम वाढतोच आहे. धापा टाकणारा माणूस अचानक शांत होऊन डोळे मिटायला लागला तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका, दमून त्याची श्वास घेण्याची ताकदच संपत आलेली असते. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला ताठ बसवून ठेवा आणि चिठ्ठीत लिहिलेलं तातडीचं औषध चालू ठेवा. निघताना वही आणि औषधांची पाकिटं सोबत घ्या.

वीज गेली तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. तातडीच्या औषधाचा इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) हाताशी असू द्या आणि तो कसा घ्यायचा ते शिकून घ्या. स्पेसरने नीट घेतलेला इनहेलर सौम्य ते मध्यम त्रासात नेब्युलायझरइतकाच काम करतो. प्रवासाला निघताना नेब्युलायझरची पिशवी भरताना हा इनहेलर मात्र वरच्या कप्प्यात ठेवा, आणि दर महिन्याला त्याची मुदत आणि उरलेले डोस पाहत जा.